न चाखलेला नैवेद्य

एकदा एका गावातल्या चष्मेवाल्याला जादूचे वेड लागले. गिऱ्हाईक नसले की दुकानातल्या आरशासमोर उभे राहायचे आणि मुठीतली सुपारी नाहीशी करायची, हा त्याचा नित्यनेम. नाव त्याचे नीळकंठ. बायको म्हणे, "लोकांना नीट दिसावं म्हणून दुकान काढलंत, आणि आता त्यांच्याच डोळ्यांत धूळ फेकायला शिकताय होय?" तोही हसे, पण सुपारी काही सोडत नसे. बालपणी जत्रेत एका जादूगाराने त्याच्या कानामागून सुपारी काढून दाखवली होती. ते नवल त्याच्या मनात अजून ताजे होते.

त्या गावात हौशी जादूगारांचे एक मंडळ होते. कुणी पोस्टात, कुणी शाळेत, पण रविवारी दुपारी सगळे वाचनालयाच्या माडीवर जमत. त्यांत वडीलधारे होते दाजीकाका. त्यांनी नोकरी केली, संसार केला, आणि सारे रविवार मात्र जादूला वाहिले. रहस्य कुणापुढे फोडायचे नाही, हा मंडळाने घेतलेला वसा. आणखीही एक रीत होती. नवा सभासद घ्यायचा की नाही, हे जादूगार ठरवत नसत. जादूतले ओ की ठो न कळणारे कुणीतरी आणून पुढच्या खुर्चीत बसवायचे. ते चकित झाले, तर माणूस मंडळात आला.

त्या खुर्चीपुढे नीळकंठ दोनदा उभा राहिला. एकदा शेजारची कासारीण बसली होती, एकदा वाचनालयाचा शिपाई. दोघांनीही शांतपणे सांगितले, "डाव्या हातात आहे."

तिसरी संधी शेवटची असे. तीही गेली तर जादूची पेटी माळ्यावर टाकून द्यायची, असे त्याने मनाशी ठरवले आणि हिरमुसल्या चेहऱ्याने काकांकडे गेला.

"काका, याहून अवघड काहीतरी शिकवा. आरशात बघतो तेव्हा तर तसूभर चूक दिसत नाही."

"शुक्रवारी तुझं दुकान बंद ना? घरी ये," काका म्हणाले. "आणि येताना तो आरसा घेऊन ये."

श्रावणातला शुक्रवार होता. नीळकंठ आरसा छातीशी धरून पोचला. काकांनी तो घेतला, मोरीवरच्या खिळ्याला टांगला आणि त्यात बघून मिशी सारखी केली. मग म्हणाले, "बैस स्वयंपाकघरात. काकू काय करते ते बघ."

"आणि सुपारी?"

"सुपारी पानानंतर."

नीळकंठ पाटावर बसला. काकू सोवळ्यात होत्या. पुरण वाटून झाले होते आणि कटाची आमटी उकळत होती. काकूंनी चिमटीने मीठ सोडले, पळीने ढवळले आणि झाकण ठेवले. नीळकंठाला राहवले नाही. "काकू, चव नाही घेतलीत?"

"देवाच्या आधी मी जेवू होय रे?" काकू म्हणाल्या. "तू अगदी ह्यांच्यासारखाच. लग्न झालं तेव्हा हेही असंच विचारायचे."

देवीला नैवेद्य दाखवून झाला, पाने वाढली गेली. नीळकंठाने आमटीचा पहिला भुरका घेतला, आणि त्याच्या लक्षात आले की वाढायचे थांबून काकू त्याच्याच तोंडाकडे बघत आहेत. त्याने नुसते डोळे मिटले. काकूंचा चेहरा उजळला, आणि त्या पुरण वाढायला वळल्या.

तेव्हा काका म्हणाले, "नीळकंठ, तुझा हात साफ आहे. पण सुपारी लपली की तू हळूच डाव्या मुठीकडे बघतोस. नीट लपली ना, ही शंका तुला सोडत नाही. आणि जादूगार जिकडे बघतो तिकडेच माणसं बघतात. आरशासमोर उभा राहून तू रोज नैवेद्य चाखतोयस बाबा. मिठाचा हात एकदा बसला की हात विसरावा, आणि ज्याच्यासाठी रांधलं त्याच्याकडे बघावं. रहस्य आपल्याला ठाऊक, म्हणून त्यातलं नवल आपल्याला आधी चाखता येत नाही. ते समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटतं, आणि तिथून आपल्याकडे येतं ते प्रसाद होऊन."

निघताना नीळकंठाने विचारले, "आरसा नेऊ का?"

"राहू दे. मला दाढीला हवाच होता."

रविवारी पुढच्या खुर्चीत मासिक बदलायला आलेल्या एक आजी बसल्या. "आटप रे बाबा," त्या म्हणाल्या, "गिरणीत दळण टाकून आलेय."

नीळकंठाने सुपारी उजव्या मुठीत घेतली. डावी मूठ आतून हाक मारत होती. त्याने आजींकडे पाहिले. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, आणि काचेमागचे डोळे त्याच्या डोळ्यांना भिडले होते. त्याने हळूच फुंकर घातली. मूठ उघडली, ती रिकामी होती. सुपारी निघाली ती आजींच्या मासिकाच्या घडीतून.

आजी क्षणभर सुपारीकडे बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की चष्मा नाकावर घसरला. "अगं बाई, हे कसं झालं? पुन्हा कर बघू."

"आणि दळण?" काकांनी विचारले.

"राहू दे गिरणीत. कुठे पळून जातंय?"

माडीवर हशा उसळला. जत्रेतले ते नवल नीळकंठाला इतक्या वर्षांनी पुन्हा भेटले होते, आजींच्या चेहऱ्यावर.

काका जवळ येऊन हळूच म्हणाले, "काय रे, मीठ?"

"बरोबर पडलंय, काका," नीळकंठ म्हणाला, आणि आजींच्या चष्म्याची काडी बसवून द्यायला खिशातला छोटा पेचकस शोधू लागला.

बायांनो, आपणही मनोभावे वाढावे, आणि वाढताना आपल्या हाताकडे नव्हे, जेवणाऱ्याच्या मुखाकडे बघावे.