शेवटच्या खाचरातलं पाणी

प्राणी एकमेकांशी बोलत असत त्या काळी, कमी पावसाच्या एका मुलखात, तळ्यापासून भातखाचरांपर्यंत एक पाट वाहत असे. सगळ्यात शेवटच्या खाचरात डुरकी नावाची बेडकी राहायची. एका वर्षी भात पोटरीला आलं आणि नेमकं तेव्हाच तिथे पाणी येईनासं झालं. जमिनीला भेगा पडल्या. उरलेल्या एका डबक्यात डुरकीची शेपटीवाली पिल्लं दाटीवाटीने तग धरून होती.

"तळं तर भरलेलं आहे, मग पाणी मुरतं कुठे?" असं म्हणत डुरकी पाटाच्या कडेने वर निघाली. अर्ध्या वाटेवर काठाला खेकड्यांची बिळंच बिळं दिसली. त्यांतून पाणी माळावर वाया जात होतं.

"आजोबा, तुमच्या बिळांमुळे आमचं भात वाळतंय," ती म्हाताऱ्या खेकड्याला म्हणाली.

"पोरी, ओल नसेल तर आम्ही जगायचं कसं?"

डुरकीला त्याचंही पटलं. थोडा विचार करून ती म्हणाली, "मग आमच्याकडेच राहायला या. पाणी आलं की खाचरभर चिखल होईल. बांध तेवढा पोखरू नका."

खेकड्यांनी चिखलाने एकेक बीळ बुजवलं आणि ते तिच्यामागे निघाले. पाणी त्यांच्याआधीच पोहोचलं. भाताने मान वर केली. पिल्लं गिरक्या घेत पाहुण्यांभोवती जमली.

"आजोबा, तुम्ही आडवे का चालता?"

म्हातारा हसला. "पाण्याला सरळ जाऊ द्यायचं असेल, तर कोणीतरी बाजूला व्हायला नको का?"