मिठाची जागा

धर्मादाय रुग्णालयाच्या नव्या ॲपची रचना ऋजुता केळशीकरने केली होती. ॲप उघडताच पहिले बटण रुग्णवाहिकेचे दिसे. अध्यक्ष भास्करराव नाडगौडांना तिथे स्वतःचा सचित्र संदेश हवा होता.

"ते बटण आत कुठेतरी घाला. लोकांना डोळे आहेत, शोधतील."

ऋजुताने वाद घातला नाही. वापरणाऱ्याची अडचण सांगून नव्हे, तर अनुभवूनच पटते, असे तिचे मत होते. वर्धापनदिनाच्या पंगतीत अध्यक्षांचे पान तिने स्वतः वाढले.

वरणभाताचा पहिला घास घेऊन भास्कररावांचा हात सवयीने पानाच्या वरच्या बाजूला गेला. तिथे त्यांचाच छापील, सचित्र संदेश होता.

"केळशीकर बाई, मीठ कुठे आहे?"

"पानातच आहे, साहेब. डोळे आहेत, सापडेल."

त्यांनी पापड उचलला, कोशिंबीर सरकवली. अखेर मीठ पुऱ्यांखाली सापडले, तोवर वरण गार झाले होते.

"गार वरण चालून जाते, साहेब," ऋजुता नम्रपणे म्हणाली. "छातीत कळ आलेल्या माणसाला एवढी सवड नसते."

भास्कररावांनी संदेश बाजूला करून मीठ त्याच्या जागी नेले.

"बटण वरच राहू द्या. पण मग माझा संदेश?"

"तो विड्याबरोबर देऊ, साहेब. पोट भरले की माणसे काहीही वाचतात."