वार्क्षायण मुनी आणि वाट नसलेली त्रिसरे

त्रेतायुग नुकतेच उजाडले होते आणि तपाला अहंकाराची कीड लागू लागली होती, तेव्हाची ही कथा. हिमवंताच्या उतारावर, देवदारांच्या गर्द छायेत, वार्क्षायण नावाच्या अग्निहोत्री मुनीचा आश्रम होता. वेद त्याला मुखोद्गत होते, देह वज्रासारखा होता. मात्र स्वतःवाचून अन्य कोणाचा आदर करणे त्याला कोणी शिकवले नव्हते. आश्रमाखालच्या संगमावर काठ्या टेकीत येणारे यात्रेकरू दिसले की तो नाक मुरडी.

एके प्रभाती होम आटोपून तो पत्नी धृतिमतीला म्हणाला, "हे कळप मळलेल्या वाटेने येतात, गुडघाभर पाण्यात बुडतात आणि स्वतःला पुण्यवान म्हणवतात. मी आज एकटा, वाटेवाचून, हिमरेषेजवळच्या त्रिसरांत स्नान करून सायंहोमापूर्वी परतेन."

"आर्य, विलंब झाला तर आहुती मी देऊ?"

"माझ्या अग्नीला तुझ्या हाताची गरज नाही," असे म्हणून तो निघाला.

देवदार मागे राहिले, भूर्जवृक्ष खुरटत खुरटत संपले. पुढे हत्तीएवढ्या शिळांचा पसारा लागला, जेथे एक दगड आधार देई तर दुसरा पायाखालून निसटे. पहिले सरोवर पाचूसारखे हिरवे होते. "डबके," मुनी उद्गारला. दुसऱ्यात हिमखंड तरंगत होते. त्याकडे त्याने मान वळवूनही पाहिले नाही. तिसरे मात्र कड्यांच्या ओंजळीत आकाश सांडावे तसे निळे होते. त्यात बुडी मारताच त्याचे दात वाजू लागले, पण अभिमान अधिकच तापला.

तोच जलाची अधिष्ठात्री देवी नीलोदा प्रकट झाली. "मुने, इतक्या उंचीवर स्वबळाने येणारा विरळा. वर माग."

"माझ्यामागून येथे यायला कोणाला वाट सापडू नये. या उतारांवर कोणाच्याही पावलाची खूण उरू नये."

देवीच्या ओठांवर तुच्छतेचे स्मित उमटले. "त्रैलोक्यातले काहीही मागता आले असते, आणि तुला सुचले ते एवढेच. तथास्तु."

मुनी परत फिरला, तर हिमावरची त्याचीच पावले पुसली गेली होती. धुके उतरले. सगळ्या शिळा सारख्याच दिसू लागल्या. जिकडून उतरावे तिकडे तो कड्याच्या टोकाशीच येई. सूर्य कलला, तसा विझणारा अग्नी त्याच्या डोळ्यांपुढे आला. अखेर काठाशी येऊन त्याने हात जोडले. "देवी, मला वाट दे."

"ती तूच नाहीशी केलीस, आणि दिलेला वर मी परत घेत नाही. पाण्याला मात्र वाट लागत नाही. खाली जाणे त्याला येते. तुला जमत असेल तर त्याच्यामागे जा."

तिने अंगठ्याने काठ फोडला. ओहोळ खळाळत निघाला आणि त्याच्यामागून तो वेदमूर्ती, कधी ओणवा, कधी बसून घसरत, नडग्या सोलून घेत, चिखलाने माखलेल्या दाढीनिशी खाली आला.

सूर्य मावळून गेला होता. धृतिमती वेदीपाशी होती.

"आहुती दिली मी," ती म्हणाली. "तुमच्या नावाने नाही. माझ्या."

मुनी ओल्या वल्कलानिशी दाराशीच बसून राहिला.

त्या ओहोळाला लोक हेलना म्हणतात, म्हणजेच अवहेलना. त्रिसरांकडे अद्याप वाट पडलेली नाही. उमटलेले पाऊल तेथे टिकत नाही. ज्याला जायचे तो हेलनेच्या काठाने, दगडांवर हात टेकीत, वाकून चढतो. ताठ मानेने तेथे कोणी पोहोचल्याचे ऐकिवात नाही.