हार्टुंगबाबाची भिंत

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. चिंचदरीच्या नदीवर तेव्हा पूल नव्हता, आणि गावातल्या ख्रिस्ती वस्तीला चर्चही नव्हतं. प्रार्थना चिंचेखाली व्हायची. तिथेसुद्धा वरची आळी झाडाच्या उगवतीला बसायची, खालची आळी मावळतीला. एखादं कुत्रं तेवढं दोन्हीकडे जाऊन यायचं. लोकांनी धर्म बदलला होता, आळ्या तशाच ठेवल्या होत्या.

अशा गावात हार्टुंगबाबा आला. जर्मनांच्या मुलखातला, चर्च बांधणारा माणूस. तिकडे त्याने बांधलेल्या शिखरांना ढग अडायचे, असं म्हणतात. पण तिकडच्या शेवटच्या चर्चमध्ये धनिकांनी स्वतःसाठी वेगळं दार पाडून घेतलं आणि गरिबांना मागे उभं केलं. बाबाने त्याच दिवशी आपली हत्यारं गुंडाळली आणि तो जहाजात बसला. सगळे एकाच दाराने आत जातील असं एक तरी चर्च मरण्याआधी बांधायचं, एवढंच त्याला हवं होतं. आणि त्यासाठी तो आला कुठे, तर आमच्याकडे! हसावं की रडावं?

काळ्या दगडाला तो टिचकी मारायचा आणि कान लावायचा. दगड आतून फुटका असला तर तसं त्याला सांगायचा, असं म्हणतात. गाडाभर माणसांना न हलणारी शिळा त्याने हात लावल्यावर दोघेजण उचलून न्यायचे.

चर्चच्या मधोमध त्याने मोठी कमान आखली. छताचा सगळा भार तिच्यावर. तिची एक बाजू वरच्या आळीने रचायची, दुसरी खालच्या आळीने, आणि माथ्यावर दोन्ही बाजू एकमेकींना टेकायच्या. "एकीने अंग काढलं की दुसरी पडते," दगडफोड्यांकडून शिकलेल्या मराठीत तो सांगायचा.

वरच्या आळीचा म्होरक्या शलमोनदादा एकदा त्याला म्हणाला, "बाबा, परमेश्वर येक हाये, ते कबूल. पण दारं दोन ठिवा की."

"एक दार," बाबा म्हणाला.

लोक मान डोलावून कामाला लागले. बाबावर त्यांची माया होती, हे खोटं नाही. त्याला ताप आला तेव्हा दोन्ही आळ्यांतून पेज आली होती, अर्थात वेगवेगळ्या भांड्यांत.

बाबाचा एकच हुकूम होता. सगळा चुना बैलाने फिरवायच्या एकाच दगडी घाणीत मळायचा, आणि पाणी वरच्या आळीच्या गोड्या विहिरीचं घ्यायचं. खालच्या आळीची विहीर खारी, आणि खाऱ्या पाण्यातला चुना दगडाला धरत नाही. पण गोड्या विहिरीवर खालच्या आळीचे घडे कसे चढू द्यायचे? शलमोनदादाने पाणी नाकारलं. खालची आळीही काही कमी ताठ नव्हती. हात पसरायचा नाही असं ठरवून त्यांनी टेकडीआड आपली वेगळी घाणी फिरवली, खाऱ्या पाण्यावर.

"चुना एकाच घाणीचा ना?" बाबा विचारायचा.

"व्हय बाबा!" दोन्ही आळ्या म्हणायच्या. साऱ्या जन्मात तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

कमान पुरी झाली. बाबाच्या मुलखात एक रीत होती. कमानीखालचा लाकडी आधार काढताना बांधणाऱ्याने स्वतः खाली उभं राहायचं. बाबा उभा राहिला आणि त्याने दोन्ही आळ्यांना हाक मारली, "या, माझ्याजवळ या." कोणी हललं नाही. शेजारी कोण उभं राहील, याचीच सगळ्यांना धास्ती.

खालच्या आळीत चुना मळणारी सगुणाबाई होती. ती पुढे होऊन म्हणाली, "बाबा, भाईर या. आमचा चुना..."

"गप!" तिचा दीर दातओठ खात म्हणाला. "आळीची अब्रू काढती का?"

ती मागे सरली. आधार निघाला.

खालच्या आळीची बाजू भुरभुरत सुटली आणि बाबावर कोसळली. वरच्या आळीची अर्धी कमान मात्र त्याला बाहेर काढेपर्यंत अधांतरी उभी राहिली आणि मगच पडली, असं म्हणतात. बाबाच्या ओठांवर चुना सांडला होता. त्याने तो जिभेने चाखला.

"खारट," एवढंच तो बोलला. मग त्याने डोळे मिटले.

दोन्ही आळ्या ऊर बडवून रडल्या, पण रडायलाही एका जागी आल्या नाहीत. सगुणाबाईने त्या दिवसापासून जेवणात मीठ घेतलं नाही, असं म्हणतात.

आता कमान रचणारं कोणी उरलं नव्हतं, आणि छत तर घालायचं होतं. मग लोकांनी चर्चच्या मधोमध सरळ एक भिंत उभी केली आणि तिच्यावर छत टेकवलं. भिंत आली, तशी दारंही दोन आली. बाबाला कोणत्या बाजूला पुरायचं यावरून हमरीतुमरी झाली, म्हणून त्याला भिंतीखालीच पुरलं.

आजही दर वर्षी बाबाच्या दिवशी दोन्ही आळ्या त्या भिंतीला चुना देतात. आपापल्या बाजूने, आपापल्या घाणीचा. आमची बाजू उभी राहिली होती, असं वरची आळी पोरांना सांगते. पाणी दिलं असतं तर आमचीही राहिली असती, असं खालची आळी सांगते. खोटं दोघीही सांगत नाहीत. चुन्यावर चुना चढून भिंत आता हातभर जाड झाली आहे. लोक दोन्हीकडून तिला डोकं टेकतात आणि दर वर्षी, त्याच्याच नावाने, तिच्यावर आणखी एक थर चढवतात.