पेंढ्याची कालवड

हौसाबाईची कालवड जन्मल्यावर नवव्या दिवशी हगवणीनं गेली. गाय पान्हा सोडेना, म्हणून कालवडीचंच कातडं पेंढा भरून तिच्या पुढ्यात उभं केलं. गाय ते चाटायची आणि दूध द्यायची. धार काढताना हौसाबाई मान वर करायची नाही.

पुढं दूधसंस्थेची सभा भरली. जनावरांच्या डॉक्टरांनी सुचवलं, "नव्या वासरांना सुरुवातीचे दिवस मापानं झिंक द्या. आतडी बळकट होतात, हगवण कमी लागते. संस्थेनं ते आणावं."

चेअरमन रंगराव मिशीत हसले. "वासरं काय दूध घालतात संस्थेला? वासरू गेलं तर पेंढा भरावा. हौसाबाईची गाय देतेच की दूध!"

सभाही हसली. हौसाबाई उठून घरी गेली आणि ती पेंढ्याची कालवड काखेत घेऊन परत आली. रंगरावांच्या टेबलावर तिनं ती उभी केली आणि शेजारी रिकामी चरवी ठेवली.

"अण्णा, ही जगती तर तीन वर्षांनी संस्थेला दूध घालती. पेंढ्यावर भागतंय म्हणता, तर काढा हिची धार. आम्ही थांबतो."

आता कुणी हसलं नाही. रंगरावांनी चरवी हळूच बाजूला सारली आणि झिंक आणायचा ठराव लिहायला सांगितला.

हौसाबाई कालवड घेऊन घरी आली, तेव्हा गाय दावं ताणून वाटेकडं बघत हंबरत होती. अख्ख्या सभेला गप्प करणाऱ्या हौसाबाईनं मान खाली घालून पेंढ्याची कालवड पुन्हा तिच्या पुढ्यात उभी केली.