गुणाबाईचा उंबरा

फार वर्षांपूर्वी, तमाशाचे फड बैलगाड्यांतून हिंडत असत त्या काळी, खैरवाडी हे गाव कोणाच्या खिजगणतीत नव्हते. नदी नाही, देवस्थान नाही, बाजार नाही. त्या गावाला नाव मिळाले ते एका बाईमुळे. गुणाबाई खैरवाडीकर. ती लावणीला उभी राहिली की दिव्यांच्या ज्योतीदेखील माना वळवून तिच्याकडे पाहत, असे म्हणतात.

दसऱ्याला गुणाबाई फडाबरोबर निघे आणि अक्षय्य तृतीयेला परते. पावसाळा मात्र घराचा. वेशीलगत उंचवट्यावर तिचे मातीचे घर होते. त्यात डोळ्यांनी अधू झालेली तिची आई भागाबाई आणि आजीचे डोळे झालेली लेक चिमा, अशा दोघी राहत. परतायला हे घर होते, म्हणूनच गुणाबाईचा सूर परमुलखात कधी डळमळला नाही.

आता अन्याय कसा सोंग घेऊन येतो ते ऐका. गावच्या रावजी पाटलाला त्या उंचवट्यावर गुरांचा गोठा बांधायचा होता. सरळ मागण्याची छाती नव्हती, म्हणून त्याने रीत पुढे केली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याने गुणाबाईला चावडीवर बोलावले आणि पंचांदेखत सुनावले, "ज्या घराचा उंबरा घरधनीण रोज आपल्या हातानं पुजत न्हाई, ते घर ओसाड. तू गावोगाव नाचणार, हितं उंबरा कोण पुजतं?"

"माझी लेक पुजती की, पाटील."

"लेक म्हंजी घरधनीण न्हवं. फड सोड, न्हाईतर घर सोड."

श्रोतेहो, हे पंच कोण? जत्रेत पुढची जागा अडवून फेटे उडवणारे हेच, आणि परगावी "गुणाबाई आमच्या गावची" म्हणून मिशीला पीळ देणारेही हेच! बिरू धनगर मेंढरांमागे कोकणात उतरे. त्याचे घर ओसाड ठरले नाही. पाटलाचा सख्खा भाऊ पलटणीत होता, वर्षानुवर्षे गावाकडे फिरकत नसे. त्याच्या दाराला तोरण होते. त्यांचा उंबरा मागे राहिलेल्यांनी राखला तर ती कुळाची शोभा, आणि गुणाबाईचा उंबरा तिच्या लेकीने राखला तर तो अपराध! हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

घरी चिमाने एवढेच विचारले, "आई, घर गेलं तर तू परत यायची कुठं?"

सवाल-जबाबात कधी न हरलेली गुणाबाई या सवालाचा जबाब जुळवत रात्रभर उंबऱ्यावर बसली.

दसऱ्याची सकाळ झाली. गाड्या जुंपून उभ्या होत्या. गुणाबाईने पहार घेतली आणि आपल्या दाराचा उंबरा उचकटून काढला. धुतला, हळदकुंकू वाहिले आणि गाडीवर चढवला. पाटील धावत आला.

"अगं, ह्ये काय आरंभलंस?"

"रीत पाळतीय, पाटील. उंबरा माझ्या हातानं पुजायचा ना? मग जितं मी, तितं त्यो. आता घराला ओसाड म्हणून दावा!"

आतून भागाबाई ओरडली, "दोरी नीट आवळ गं! घर हाय ते, वाटंत सांडशील!"

फडाचा मुक्काम पडेल तिथे गुणाबाई राहुटीपुढे तो उंबरा मांडी, रांगोळी घाली आणि त्यावरूनच आत जाई. उंबऱ्याच्या त्या वाळक्या खैराच्या लाकडाला दर मुक्कामी कोवळी पालवी फुटे, असे म्हणतात. आणि इकडे चिमाने दारातल्या रिकाम्या जागेवर तळहात ठेवला की तिला घुंगरांची थरथर लागे.

पाटलाचे आणि पंचांचे काय झाले? दसऱ्याचे सोने वाटून ते आपापल्या घरी परतले, तो काय! पाय उचलावा, तसा उंबरा उंच व्हावा. गुडघ्याएवढा, कमरेएवढा, छातीएवढा. बायकापोरे सुखाने ये-जा करीत. पाटील आणि पंच तेवढे बाहेर. पाटलीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "आता बसा अंगणात, आन् घरधनी कोण त्ये ठरवा!"

थंडी पडली, ऊन तापले. परक्यासारखी भाकर हातावर घेऊन पंच आपल्याच चुलीचा धूर बाहेरून पाहत राहिले. बाहेर राहिल्याने घर परके होत नाही, ही गोष्ट शहाण्यांना सांगून कळते; यांना ती हिवाने शिकवावी लागली.

अक्षय्य तृतीयेला गाड्या परतल्या. पाटील वेशीत अनवाणी उभा होता.

"गुणाबाई, उंबरा बसव माय. आमास्नी घरात जाऊ दे."

"काढताना माझं हात लागलं. बसवायला तुमचं लागू द्या."

पाटलाने अख्ख्या गावादेखत चिखल तुडवला, उंबरा बसवला. रांगोळीसाठी गुणाबाई वाकली नाही, तिने चिमाला पुढे केले आणि विचारले, "लेकीच्या हातची पूजा चालती ना, पाटील?"

"चालती," पाटील मान खाली घालून म्हणाला. त्याच क्षणी गावातले चढलेले उंबरे जागच्या जागी बसले. मग गुणाबाई आपल्या घरात गेली.

आजही खैरवाडीत नवे घर बांधले की त्याचा उंबरा आधी गाडीवर घालून वेशीबाहेर नेतात, शेजारच्या गावच्या शिवेला टेकवून आणतात आणि मगच चौकटीत बसवतात. पहिली पूजा घरच्या लेकीची. कामासाठी कोणी बाई दूरदेशी असली, तर तिच्या घराला ओसाड म्हणण्याची तिथे कोणाची छाती होत नाही. ज्या उंबऱ्याने रस्ता पाहिलेला नाही, त्याच्या आतले घर अजून कच्चे आहे, असे तिथे म्हणतात.