माल उतरवायची वेळ

“मग ट्रक येत का नाहीत?”

उन्मेषने पुन्हा विचारलं. गोसावीबाबा मठाच्या पायरीवर बसून कोयत्याला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

घाट चढून आल्यावर शेवटच्या वळणावर हा मठ. त्याच्यापुढे कुसरपठार, पठारावर विखुरलेली घरं, आणि घरांच्या मधोमध एक अर्धवट दवाखाना. भिंती उभ्या राहिल्या होत्या. सेंटरिंग लागलं होतं, वर सळया बांधून झाल्या होत्या. गाडं अडलं होतं सिमेंटपाशी. स्लॅब एका दमात टाकावा लागतो. मध्येच माल संपला तर सांधा राहतो, आणि त्या सांध्यातून छत जन्मभर गळतं. म्हणून सगळं सिमेंट आधी हाताशी हवं. आणि ट्रक तर घाटाच्या पायथ्यापर्यंतसुद्धा फिरकत नव्हते.

या महिन्यात स्लॅब पडला नाही तर दवाखाना तालुक्याला हलवू, असं पैसा देणाऱ्या संस्थेने कळवून टाकलं होतं. पठारावरच्या अडलेल्या बाईला अजून डोलीतून घाट उतरवतात, हे ऐकून उन्मेष परदेशातली नोकरी सोडून इथे आला होता. तिकडे तो शिकला होता तीही नेमकी हीच विद्या. कुठला माल, कुठल्या जागी, कुठल्या घटकेला पोचला पाहिजे.

“एकाचा क्लच गेलाय म्हणे. गिते म्हणतो, बायको आजारी. आणखी एकाला घाट झेपत नाही. बाबा, जन्म गेला यांचा या घाटात. तुमच्या पाया पडल्याशिवाय एकही ड्रायव्हर पुढे जात नाही. तुम्ही बोललात तर ऐकतील.”

बाबांनी अंगठ्याने धार पाहिली.

“आधी कसे यायचे रे?”

हा प्रश्न उन्मेषला आवडला. तो पायरीवर टेकला आणि भरभरून सांगू लागला. आधी सगळा सावळा गोंधळ होता. ट्रकवाला या वळणावर लांबलचक हॉर्न द्यायचा. तो ऐकला की कुणी गोठ्यातून, कुणी चुलीपुढून उठून धावायचं. बाया-माणसांची रांग लागायची आणि गोण्या हातोहात उतरायच्या. तोवर थट्टामस्करी, एकमेकांची उणीदुणी. मग ड्रायव्हरला कुणाच्या तरी ओसरीवर जेवायला बसवायचं. एका ट्रकमागे अर्धा दिवस जायचा. शिवाय गोण्या फाटायच्या त्या वेगळ्याच.

हे सगळं त्याने बंद केलं होतं. दवाखान्याभोवती कुंपण घातलं, फाटक बसवलं, खालच्या गावातून हमाल लावले. हरेक ट्रकला वेळ नेमून दिली. वेळेवर आला तर माल उतरवून लगेच परत. लवकर आला तर फाटकाबाहेर थांबायचं. हॉर्न वाजवायचा नाही.

“आता एक गोणी फुटत नाही,” तो म्हणाला. “कुणाला हातातलं काम टाकून यावं लागत नाही.”

“आणि येतं का कुणी?”

“कुठे?”

“तुझ्याकडे.”

उन्मेषने पठारावरच्या आपल्या कुंपणाकडे पाहिलं…

दिवस मावळला की हमाल जीपने खाली जात. मग पत्र्याच्या खोलीत तो आणि खानावळीचा डबा. घरांकडून आवाज येत. कुणी शेळ्यांना हाक मारतंय, कुणी खळखळून हसतंय. तो कुंपणाच्या आत उभा राहून ऐकायचा. बाहेर पडून कुणाकडे जावं तर कशाचं निमित्त काढावं, ते सुचायचं नाही. वाटेत भेटणारी माणसं “बरं हाय ना सायेब” म्हणून बाजूला होत. याला तो मान समजत आला होता.

बाबा उठले. म्हणाले, चल, सरपण आणू, येताना बोलू.

पण येताना ते बोलले नाहीत. उतारावर त्यांनी वाळलेल्या फांद्या तोडल्या, मोळी बांधली, हात लावून ती उन्मेषच्या डोक्यावर दिली. फेकू नकोस, दोर जुना आहे, सुटला तर सगळं दरीत जाईल, एवढं बजावलं आणि त्याला पुढे पाठवलं.

तो मठाच्या दारात पोचला. दारात कुणी नव्हतं.

एकट्याने मोळी उतरवता येईना. गुडघे वाकवले की तोल जायचा. त्याने हाक मारली. दरीतून त्याचाच आवाज परत आला.

मान अवघडली. डोळ्यांत घाम उतरला. समोर सगळं पठार दिसत होतं, आणि पठाराच्या मधोमध त्याचं बंद फाटक.

त्या फाटकाबाहेर मागच्या बाजाराच्या दिवशी गिते ड्रायव्हर बसला होता. लवकर आला होता. ट्रकच्या सावलीत त्याने फडकं सोडलं आणि कुंपणाकडे तोंड करून एकट्याने भाकरी खाल्ली. रस्त्याने हंडा घेऊन चाललेली एक बाई थबकली, फाटकाकडे बघून पुढे गेली. उन्मेषने हे खिडकीतून पाहिलं होतं. मग घड्याळ पाहिलं होतं, आणि सगळं बिनचूक चाललंय म्हणून त्याला बरं वाटलं होतं.

गितेची बायको आजारी पडली ती त्यानंतरच.

उन्मेष स्वतः पहिल्यांदा पठारावर आला तोही गितेच्याच ट्रकमधून. हॉर्न झाला, माणसं धावली. त्याचा पाय जमिनीला लागण्याआधी कुणीतरी त्याच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली होती. कुणी, ते त्याने पुढे कधी विचारलंच नाही…

बाबा सावकाश चढून आले. समोरच्या पायरीवर बसले, छाटीच्या पदराने वारा घेऊ लागले.

“बाबा, जरा हात लावा.”

बाबांनी सूर्याकडे पाहिलं.

“लवकर आलास तू. तुझी वेळ व्हायचीय अजून.”

उन्मेष हसला. बाबा हसले नाहीत.

वारा पडला होता. त्याच्या पोटऱ्या थरथरू लागल्या. मानेचं दुखणं सोसवत होतं. पण समोर माणूस बसलाय, बघतोय आणि उठत नाही, हे त्याला सोसवेना…

शेवटी बाबा उठले. दोघांनी मिळून मोळी उतरवली.

श्वास जागेवर येताच उन्मेष बोलू लागला. फाटक काढून टाकतो. हमाल बंद. ड्रायव्हरांना सांगतो, वाटेल तेव्हा या, हॉर्न वाजवा. घरोघर निरोप धाडतो की पूर्वीसारखं उतरवायला या, दवाखाना तुमच्यासाठीच तर बांधतोय. आजच धाडतो.

“मग येतील ना लोक? ट्रक येतील?”

बाबा आत गेले. रोज भिक्षेला जाताना घेत ती भगवी झोळी खुंटीवरून काढून आणली आणि त्याच्या खांद्याला अडकवली.

“आज मी जात नाही, तू जा. पहिल्या घरापासून. दारात उभा राहा, भाकरी माग… आणि काय द्यायला आलायस ते सांगू नकोस.”